उरलेले एकतीस

"तू लिही. मी मध्ये मध्ये बोलते," आई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर होते आणि मध्ये कागदाच्या पट्ट्यांचे तीन ढीग. मायलेकी मिळून एक एडिटर बनवत होत्या, लिहिणाऱ्या माणसांसाठी साधासा प्रोग्रॅम. काम करता करता तो पडद्याच्या तळाशी काहीबाही सांगायचा. फाइल उघडली. शब्द सापडला नाही. असे दोनशे चौदा संदेश, एकेका पट्टीवर एकेक. त्याने किती बोलायचं हे आता वापरणाराच ठरवणार होता. त्यासाठी तीन पायऱ्या केल्या होत्या: गप्प, मोजकं, सविस्तर.

कुठला संदेश कुठल्या पायरीवर, हे ठरवायची आईची एक रीत होती. एकीने काहीतरी लिहायचं, दुसरीने कानाशी संदेश म्हणायचा. मजकूर मात्र खरा हवा. खोटंखोटं लिहिताना माणूस चिडत नाही, असं तिचं म्हणणं. मुलगी घरमालकाला गळक्या नळाबद्दल पत्र लिहू लागली.

"फाइल जतन झाली."

"बरं."

"फाइल जतन झाली."

"अगं, कळलं की!"

"चिडलीस?"

"छे, आनंदाने नाचतेय."

आईने पट्टी 'सविस्तर'च्या ढिगात टाकली. मग परत उचलली.

"आणि आपले मुद्रितशोधक?"

त्या गृहस्थांना दिसत नव्हतं. संगणक पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचून दाखवायचा. लोकांना कटकट होते म्हणून मागे एकदा आईनेच हा संदेश काढून टाकला होता, आणि जतन होत नसल्याचं न कळल्याने त्यांची तीन दिवसांची दुरुस्ती गेली होती. ते रागावले नव्हते. 'माझंच काही चुकलं का?' एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"त्यांनी सविस्तर निवडावं," मुलगी म्हणाली.

"एका संदेशासाठी बाकीची बडबड का ऐकायची त्यांनी? पायऱ्या राहू देत. शिवाय प्रत्येक संदेशाला वेगळं बटण देऊ. हवा तो चालू, नको तो बंद. आणि बंद केला तर काय कळणार नाही, ते शेजारी एका ओळीत."

"दोनशे चौदा बटणं! आई, कोण बघणार आहे ती? उगाच घोळ घालू नकोस."

"कोणाला शांतता लागते, कोणाला सोबत. ते आपण कशाला ठरवायचं?"

"तुझ्या नादाला लागले तर हा एडिटर माझ्या म्हातारपणी बाहेर पडेल."

"पडू दे. तेव्हा तुला लिहायला वेळही असेल," आई म्हणाली आणि पुढची पट्टी उचलली.

महिनाभर आई बटणांशेजारच्या ओळी लिहीत राहिली; एका संध्याकाळी दिवे लागेपर्यंत एकशे त्र्याऐंशी लिहून झाल्या. मान चोळत ती म्हणाली, "राहिले एकतीस. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा व्यवसायातला भागीदार घरी आला. चहा घेऊन झाल्यावर, कप खाली ठेवत, तो जपून बोलला. "पायऱ्या तयार आहेत. तेवढ्यावरच नवी आवृत्ती काढू या. ती बटणं काढून टाकू. तूही घोळच म्हणायचीस ना?"

"म्हणायचे," मुलगी म्हणाली. "मला दोन दिवस दे."

दोनाचे नऊ झाले. आईच्या राहिलेल्या एकतीस ओळींतली एकेक म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं तिला वाटलं होतं. पहिल्या ओळीला अख्खी दुपार गेली. लिहिलेलं वाचलं की कुठेतरी दटावल्यासारखं वाटे, नाहीतर हात झटकल्यासारखं. मग ती आईच्या ओळी काढून बसली. 'हा बंद केलात तर शोध पुन्हा वरून सुरू झाल्याचं कळणार नाही.' 'हा बंद केलात तर दोन फाइलींची नावं सारखी असल्याचं कळणार नाही.' एकशे त्र्याऐंशी ओळींत एकही शब्द जास्तीचा नव्हता. वापरणाऱ्याला मूर्ख ठरवणारा तर एकही नव्हता. प्रत्येक ओळीमागे कुठलातरी माणूस डोळ्यांसमोर धरलेला दिसत होता: घाईतला, विसराळू, नवखा, थकलेला. एवढी माणसं आईने कधी पाहून ठेवली, कोण जाणे. आपण तर तिच्या समोरच बसलो होतो.

आवृत्ती बटणांसकट बाहेर पडली. आठवड्याभराने मुद्रितशोधकांचा फोन आला.

"अहो, काय काम केलंय! सगळं बंद करून टाकलं मी, फक्त चार ठेवले. ते शेजारचं वाक्य ऐकायचं आणि ठरवायचं. मला कोणालाही विचारावं लागलं नाही. आईंना द्या ना जरा फोन."

"काका, आई गेली. महिना होऊन गेला."

पलीकडे खुर्ची करकरली. ते उभे राहिले असावेत.

"मला कळलंच नाही हो," ते म्हणाले. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, "फार छान काम केलंत दोघींनी."

इतकी वर्षं कोणी असं म्हटलं की मुलगी 'हो, दोघींनी' म्हणायची, आणि आई शेजारी बसून मान डोलवायची.

"दोघींनी नाही," ती म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द नीट म्हणत बोलली, "तिने केलं. मी नको म्हणत होते. माझ्या आईइतकं चांगलं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, काका. आणि हे मी तिला एकदाही म्हणाले नाही."