तेवीस हजार दोनशे नऊ

"सर, ही मूळ संख्या नाही," शलाका हळूच म्हणाली. "तेवीस हजार दोनशे नऊने तिला भाग जातो."

खांबेटे सर हसले. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी या एका चाळीस अंकी संख्येला हाताने भागण्यात घालवली होती. दर वेळी बाकी उरली, म्हणून तर ते वह्यांची पिशवी घेऊन या जुन्या विद्यार्थिनीकडे विद्यापीठात आले होते. "अगं, त्याने मी केव्हाच भागून पाहिलंय. तुझ्या कॉम्प्युटरचं काहीतरी चुकतंय."

त्यांनी तिसरी वही काढून ते पान उघडलं. बोट खाली सरकत नवव्या ओळीवर थांबलं. सतरातून नऊ वजा करून त्यांनी सात लिहिले होते.

"एवढीशी चूक कोणाचीही होते, सर."

सर समासातली तारीख बघत होते. त्या दुपारी ते इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. बायको बोलावतेय, असं सांगत नर्स दोनदा बाहेर आली होती. दोन्ही वेळा ते म्हणाले होते, "एवढा भागाकार संपवून आलोच."

ते आत गेले, तेव्हा नर्स कुमुदच्या हातातली सलाईनची सुई काढत होती.