लोकरीची कळशी

ऊसतोडीला गेलेल्या बायांची तान्ही लेकरं फडावर थंडीत कुडकुडतात, म्हणून आमची महिला सोसायटी जुने स्वेटर उसवून टोपडी विणून फुकट पाठवायची. जुनी लोकर धुतल्याशिवाय तान्ह्याच्या अंगाला लावायची नाही, हा आमच्यातल्या सत्यभामेचा नियम. दुष्काळात आठवड्यानं टँकर आला, तेव्हा तिनं लोकरीसाठी वेगळी कळशी भरली. तिची थोरली जाऊ ओरडली, “माझी म्हैस तहानेनं मरायली, आन तू लोकर धुवायलीस?” “म्हशीचं कातडं जाड हाय, आक्का. लेकरू उघडं हाय.” बाया हसल्या. जावेनं रिकामी घागर उचलून तिच्या डोक्यात घातली, पुन्हा घातली. कळशी उलटली, सत्यभामा चिखलात कोसळली, चेहरा रक्तानं भरला. मी तिच्या कमरेला खोचलेलं टोपडं ओढून जखमेवर दाबायला गेले. तिनं माझं मनगट पिरगाळलं. “त्याला रक्त लावू नका, मावशी. पुन्हा धुवायला पाणी कुठं हाय?”