लाट काय म्हणेल?

डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा बघू. खिडकी नसलेली. भिंतींना जाड फोम लावलेला, त्यामुळे टाळी वाजवली तरी तिचा आवाज हातातल्या हातातच राहतो. मधोमध एक काच. काचेपलीकडे माइकसमोर एक बाई उभी आहे, कानांना हेडफोन लावून. अलीकडे तीन मोठी माणसं आणि फिरत्या खुर्चीवर नऊ वर्षांची एक मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणतात. का, ते खुर्चीकडे पाहिलंत की कळेल. आता डोळे उघडा, पुढचं वाचायचं आहे.

माइकसमोरची बाई म्हणजे भिंगरीची आई. पाच सुपरहिरोंच्या कार्टूनमध्ये 'लाट' जे बोलते, ते ही बोलते. 'कातळ'चा आवाज भिंगरीच्या बाबांचा. पडद्यावर लाट आणि कातळ खांद्याला खांदा लावून लढतात. इथे मात्र कातळ सोमवारी येऊन आपली वाक्यं बोलून जातो आणि लाट गुरुवारी. आवाज नंतर शेजारी शेजारी बसवायचे, अशी इथली पद्धतच आहे. घरंही दोघांची आता दोन आहेत. त्यामुळे आईबाबा एकमेकांशी बोलताना ऐकायचे असले, तर भिंगरीला टीव्ही लावावा लागतो.

त्या गुरुवारी गाडी एका वाक्यावर अडली होती. लढाईत धूर दाटलाय, लाट एकटी पडली आहे आणि ती म्हणते, "कातळ, तुझ्याशिवाय मला करमत नाही." त्यावरचं उत्तर बाबांनी सोमवारीच देऊन ठेवलं होतं : "मी इथेच आहे."

आईने ते वाक्य चारदा म्हणून पाहिलं. चारही वेळा ते वाचल्यासारखं झालं.

"जरा मनापासून, ताई," दिग्दर्शक म्हणाले.

"मनापासूनच म्हणतेय," आई म्हणाली आणि उगीचच पाणी प्यायली.

दिग्दर्शक लेखिकेकडे वळले. "वाक्यच चुकलंय. शहर जळतंय आणि यांना करमत नाही! अहो, ही टीम आहे. टीमला प्रेमबिम हवंय कशाला?"

"एकोणचाळीस भाग बरोबरीने मार खाल्लाय त्यांनी," लेखिका म्हणाली. "एवढ्यात दगडालाही पाझर फुटतो."

"पोरं अशा वेळी उठून जातात, बाई."

"तुमच्या वेळची जात असतील."

रेकॉर्डिंगवाल्या काकांनी बटणांवरची नजर न काढताच सांगितलं, "भांडताय कशाला? गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय. तिलाच विचारा की."

खुर्ची थांबली.

"सांग गं," दिग्दर्शकांनी विचारलं, "लाट आणि कातळचं प्रेम असावं की नसावं?"

भिंगरीला हो म्हणायचं होतं. एकदा प्रेम आहे म्हटलं की पुढच्या भागांत दोघं एकत्र जेवतील, एकमेकांना चिडवतील, रुसतील, आणि मुख्य म्हणजे खूप खूप बोलतील. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने काचेतून पाहिलं. इकडचं सगळं आईला ऐकू जात होतं. हातातल्या कागदाची कड आई दुमडत होती, पुन्हा सरळ करत होती.

"आमच्या वर्गातली मुलं अशा वेळी डोळ्यांवर हात ठेवतात," भिंगरी म्हणाली. "आणि बोटांच्या फटीतून बघतात."

"घ्या!" दिग्दर्शक म्हणाले. "घ्या!" लेखिकाही म्हणाली.

"पण लाट असं म्हणणारच नाही," भिंगरी घाईघाईने पुढे म्हणाली. "धूर आहे ना? तिला तो दिसतच नाहीये. मग ती आधी विचारेल ना, की तू कुठे आहेस?"

काकांनी बटणांवरून मान वर केली.

लेखिकेने वाक्य खोडलं आणि वरती तीन शब्द लिहिले. थोडा वेळ ती त्या शब्दांकडे बघत राहिली. "कातळला परत बोलवायलाही नको," ती हळूच म्हणाली. "त्याचं उत्तर आहे तेच चालेल."

काकांनी माइकमधून नवं वाक्य सांगितलं. आईने कागद खाली ठेवला. एरवी ती दर वेळी बजावायची, त्याचा आवाज माझ्या कानात सोडू नका, मी माझं माझं बोलते. आज तिने तसं काही बजावलं नाही.

"कातळ," ती म्हणाली. जराशी थांबली. "कुठे आहेस?"

आणि तिच्या कानात उत्तर आलं असणार, कारण तिने डोळे मिटून घेतले.

पुन्हा एकदा घेऊ, असं कोणी म्हटलं नाही. दिग्दर्शक चष्मा पुसत बसले. आईने हेडफोन काढला नाही. ती काचेकडे पाठ करून उभी राहिली.

"काका," भिंगरीने विचारलं, "दोघांचं एकत्र लावता?"

टेबलाच्या दोन टोकांना दोन काळे स्पीकर होते. लाटेचा आवाज डाव्यातून यायचा, कातळचा उजव्यातून. काका बटणाकडे हात नेतात तोवर भिंगरी खुर्चीवरून उतरली. टेबलापाशी जाऊन तिने दोन्ही हात पसरले. ते पोचेनात, तेव्हा टाचा उंच करून ती टेबलावर पालथी टेकली आणि एक तळवा डाव्या स्पीकरवर ठेवला, एक उजव्या.

डावा तळवा थरथरला. मग उजवा.

"काका," ती म्हणाली, "परत."