रोजा मोडलेले

“रोजा मोडलेले कुठे गेले, उस्ताद?”

तरुण डॉक्टर नहलाने विचारलं आणि चहाचे पेले जागच्या जागी थांबले. तांता शहरातल्या त्या इस्पितळात दर गुरुवारी छापून आलेला एखादा शोधनिबंध घेऊन त्याची चिरफाड करायची रीत होती. आजचा निबंध मात्र विभागप्रमुख डॉक्टर रिफअत उस्तादांचा स्वतःचा. मधुमेहाची नवी गोळी घेऊन रोजे धरले, तरी साखर धोक्याइतकी उतरत नाही, असा त्याचा निष्कर्ष. उद्यापासून रमजान. निबंध मान्य झाला, की बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांना परवानगीच्या चिठ्ठ्या मिळणार होत्या.

बाकावर शेख मुतवल्ली होते. रमजानच्या रात्री मशिदीत नबींची स्तुती गाणारे. त्यांचा स्वर लागला, की नहलाची आई अजूनही हातातलं काम टाकून उभी राहते. सकाळीच ते म्हणाले होते, “दिवसा जेवलेल्या तोंडानं रात्री ते नाव कसं घेऊ, पोरी? गेल्या साली उस्तादांच्या अभ्यासात होतो की मी. तू हो म्हण, मी धरतो. नाही म्हणालीस तर रडेन, पण ऐकेन.”

“मोडलेले?” रिफअत हसले. “अगं, निबंध रोजेदारांवर आहे. मोडला तो रोजेदार राहिला का? हे तुझी आजीसुद्धा सांगेल.”

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं.

“सुरुवातीला घेतलेली किती तरी माणसं शेवटच्या तक्त्यात नाहीत. त्यांनी का मोडला, ते कुठंच लिहिलेलं नाही.”

“सिगरेटची तलफ येते लोकांना. बस खाली. चिठ्ठ्या खोळंबल्यात.”

नहला बसली नाही. तिनं जाऊन दार उघडलं.

“शेखकाका, गेल्या साली तुमचा रोजा का मोडला?”

शेख काठी टेकत दारात आले. “साखर उतरली. समोरच्या मशिदीच्या पायऱ्यांवरच कोसळलो. उस्तादांना विचार ना, तेच धावत आले. मी दात आवळून धरले होते, तरी उसाचा रस पाजलाच. म्हणाले, रोजा गेला तर जाऊ दे, तू जाऊ नकोस.” ते हसले. “दुसऱ्या दिवशी साखर मोजायला आलो, तर इथले लोक म्हणाले, काका, तुमचा रोजा मोडला, आता तुम्ही मोजणीत नाही. अल्ला उस्तादांना उदंड आयुष्य देवो.”

शेखांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

“मग? उद्या धरू ना?”

नहलाने टेबलावरचा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हळूच पालथा ठेवला. रिफअतांनी तिला अडवलं नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, आणि बोटं एकमेकांवर घासत होते. उसाच्या रसाचा चिकटपणा अजून गेला नसावा, तसे.