हरकती आणि सूचना

"आणखी कुणाची हरकत?" नगररचनाकार बाईंनी माइकवर विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. वस्तीचा आराखडा लोकांपुढे मांडायचा, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचं : आपली हरकत नोंदवून घेतली आहे. वाद घालायचा नाही, असा नियमच. उभ्या नोकरीत हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते झोपेतही तोंडून निघत असावं.

आराखडा मात्र मनापासून केलेला होता. म्हातारपणी कुणाला आपली गल्ली सोडावी लागू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं वरिष्ठांशी हुज्जत घातली होती. जिन्यांना कठडे, वळणावर बाक, चालत जाता येईल असा दवाखाना. सभागृहातल्या निम्म्या लोकांना त्यात रस होता. उरलेले पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आले होते.

मागच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उठली. ती बाईंची आई होती.

"कुठं राहता, आजी?" शेजारच्या कारकुनानं सवयीनं विचारलं.

"इथंच, मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. रविवारपर्यंत. रविवारी सामानाला ट्रक येणार आहे. मुलगी आपल्या घरी नेतेय. मी न्हाणीघरात पडले, तेव्हापासून तिनं धसका घेतलाय."

"मग बरंच आहे की. लेक बघणारी आहे."

"आहे ना, गुणी आहे. पण राहते बाराव्या मजल्यावर, आणि दाराला सदा कुलूप. तिथं मी बोलू कुणाशी, लिफ्टशी?" आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मॅडम, म्हाताऱ्यांनी आपल्याच गल्लीत राहावं असं तुमच्या आराखड्यात आहे. ते मलाही लागू आहे की नाही, तेवढं सांगा."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "हे आपण मुलीशी बोललात का?"

"ती सारखी बैठकीत असते. म्हणून म्हटलं, आपणच बैठकीला जावं."

हशा पिकला. बाईंना हसू आलं नाही. हल्ली फोन वाजला, की आई पडली असंच त्यांना वाटायचं, आणि नाही वाजला तर जास्तच. त्या भीतीचासुद्धा आता त्यांना कंटाळा आला होता.

"आपली हरकत नोंदवून घेतली आहे," त्या म्हणाल्या.

"नोंद नको गं. उत्तर दे."

कारकुनानं एकदा आईकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मला नाही जमत, आई." माइक चालूच होता. "तुला इथं एकटी ठेवून मला काही सुचत नाही. आणि दिवसभर तुझ्यापाशी राहायचं, तर नोकरी सुटत नाही. दमले गं मी."

"दिसतंय ते." आई हळूच खाली बसली. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली. "ये, बस इथं. ट्रकवाल्याला मी सकाळीच नको म्हणून सांगितलंय."