मलिद्यातलं मीठ

"पुढच्याच रांगेतलं हवं," बथशेबामावशी म्हणाल्या. "त्याला मी दिसले पाहिजे."

ऋजुताने फोनवर दोन तिकिटं काढली. मँचेस्टर, रविवार, दुपारचा प्रयोग. सायमन रो या अमेरिकन विनोदवीराचा हा निरोपाचा दौरा होता आणि ब्रिटनमध्ये एवढा एकच कार्यक्रम. ऋजुता कॉलेजपासून त्याच्या क्लिप्स बघत आलेली. सिरियलींत तो आधी टॅक्सीवाला झाला, मग दुकानदार, केस पिकल्यावर डॉक्टर. पण नाव झालं ते बायकोवरच्या विनोदांनी. चाळीस वर्षं तो स्टेजवर उभा राहून शेबाची गाऱ्हाणी सांगत होता. त्या शेबाला कधी कुणी पाहिलं नव्हतं. मुलाखतीत विचारलं की तो म्हणे, तिला कॅमेरा आवडत नाही.

"तुम्हाला आवडतो हा, मावशी?"

"आवडायचंय काय त्यात? ती शेबा मीच."

ऋजुताच्या हातातून फोन पडता पडता राहिला. लंडनजवळच्या वॉटफर्डला ती राहायला आली तेव्हापासून मावशी शेजारी होत्या. मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू; नर्स म्हणून इकडे आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. नारळाच्या दुधातलं माशांचं कालवण केलं की एक वाटी ऋजुताकडे ठरलेली. घरात एकट्या, भिंतीवर नवऱ्याचा फोटोसुद्धा नाही. त्याचं कारण हे होतं तर!

"सायमन रो कसला, शिमोन रोहेकर तो," मावशी म्हणाल्या. "आईबाप आमच्यातलेच, मुंबईचे. हा न्यू जर्सीत वाढला."

"मग आता कशाला भेटायचंय?"

"नाव परत मागायला. शेबा घोरते, शेबा अशी, शेबा तशी. पुरे म्हणावं. या वयात तरी माझं नाव माझ्यापाशी राहू दे."

घटस्फोटाबद्दल आपणहून विचारणं ऋजुताला बरं वाटेना.

रविवारी ट्रेनमध्ये मावशी घडी मोडलेली साडी पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. मँचेस्टरच्या पिकाडिली स्टेशनहून ट्रामने दोघी थिएटरला पोचल्या. सायमन रो काठी टेकत आला, खुर्चीवर बसला आणि नेहमीसारखी शेबाची तक्रार सुरू केली.

शेबा गाडीत बसली की नकाशालाच रस्ता शिकवते. मावशी पुटपुटल्या, "खोटं."

शेबा इतकी घोरते की शेजाऱ्यांनी घर विकलं. "साफ खोटं."

शेबाने मुलाचं नाव ऍडम ठेवलं, कारण पहिल्या माणसाला कुणाशी तुलना सोसावी लागत नाही. "ऍडम मी ठेवलंच नसतं," मावशी फणकारल्या. हा ऍडम वॉटफर्डला कधी फिरकला नव्हता. मुलगासुद्धा बापाकडेच गेला असावा, ऋजुताला वाटलं, आणि तिला मावशींचं फार वाईट वाटलं.

"पहिल्याच दिवशी," तो सांगत होता, "शेबाने मला मलिदा वाढला. पोहे, खोबरं आणि साखर. फक्त साखरेच्या जागी मीठ! मी सगळा संपवला. तेव्हाच तिला कळलं, हा गडी काहीही निमूट गिळेल."

सगळं थिएटर हसलं. मावशीही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हे मात्र खरं हं," त्या म्हणाल्या.

मग त्याने आवाज उतरवला.

"शेबा गेली," तो म्हणाला. "मार्चमध्ये, झोपेत. घोरणं थांबलं, म्हणून मला जाग आली."

मागे कुणीतरी रडत होतं. ऋजुता संतापली, जिवंत बाई समोर बसलीये आणि हा टाळ्यांसाठी तिला मारतो! तिने मावशींकडे पाहिलं. त्यांनी पर्स छातीशी घट्ट धरली होती.

नंतर तो बाहेर टेबलाशी सह्या द्यायला बसला. रांग संपेपर्यंत मावशी भिंतीपाशी थांबल्या. मग पुढे गेल्या.

"मलिद्यात मीठ पडलंय, हे तेव्हाच बोलायचं होतंस, शिमोन."

त्याचं पेन थांबलं. तो काठीशिवायच उभा राहिला.

"शेबा?"

"मी घोरत नाही."

"नाही?" त्याने इतक्या खऱ्या कुतूहलाने विचारलं की ऋजुताला हा माणूस थट्टा करतोय की काय तेच कळेना. "सॉरी. न विचारता वापरलं मी तुझं नाव. ते परत घ्यायला आली?"

"त्यासाठीच निघाले होते." मावशींनी पदर सारखा केला. "राहू दे तुझ्याकडेच. पण मला इतक्यात मारू नकोस."

"हा शेवटचा टूर आहे, शेबा. मी स्टेज सोडणार. मग तुला एकटी कुठे ठेवू?"

"राहीन मी. सवय आहे."

त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "ओके," तो म्हणाला. "उद्या डब्लिनमध्ये तू जिवंत."

परतीच्या ट्रेनमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. ऋजुताला राहवेना.

"मावशी, राग मानू नका. किती वर्षं संसार केलात तुम्ही दोघांनी?"

"संसार?" मावशी वळल्या. "अगं, न्यू जर्सीहून मला बघायला आला होता, भायखळ्याला. एक दुपार. एवढ्या लांबून स्थळ आलं म्हणून आईने मलिदा करायला लावला. दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला."

"का पण?"

"फार गंभीर वाटला गं मुलगा. म्हटलं, ह्याच्याबरोबर जन्मात कधी हसायला मिळायचं नाही."