नळीवरचा काप

"वहिनी, इंजिन गेलं कामातून. टॅक्सी मला द्या, भंगारात घालतो," दीर म्हणाले. नवऱ्यामागे माझं नि लेकीचं पोट त्या टॅक्सीवरच होतं. पण सिग्नलला थांबवली, की इंजिन थरथरत बंद पडायचं. लेक झोपल्यावर बॉनेट उघडलं. तिचे केस ओले करायची बाटली घेऊन चालू इंजिनाच्या नळ्यांवर पाणी फवारलं. एका नळीपाशी आवाज बदलला. तिथूनच हवा शिरत होती. नळीला ब्लेडचा सरळ काप! डिकीतली जादा नळी बसवली नि कापलेली पर्समध्ये ठेवली. सकाळी म्हटलं, "भाऊजी, भंगारवाल्याकडे मीच नेते. आई, तुम्हीही हिला मांडीवर घेऊन बसा." सिग्नलला इंजिन संथ गुणगुणत राहिलं. भाऊजी घामाघूम. कापलेली नळी सासूबाईंच्या हातात दिली. "ब्लेडनं कापलीय. भाऊजींना विचारा." सासूबाईंनी मांडीवर झोपलेल्या नातीकडे पाहिलं. "मेल्या, हिचा घास हिरावतोस? उतर!" सिग्नल सुटला, हॉर्न बोंबलले. ते उतरेपर्यंत मी गाडी हलवली नाही.